चपला बाहेर काढून शिकलेला संगणक

मे महिन्यात एका बागायतदार पालकांच्या खळ्यात बसलो होतो. समोर हापूसचा ढीग, बाजूला गवत आणि रिकाम्या पेट्या. हात न थांबवता त्यांनी मुलाबद्दल विचारलं, "सर, झिलाक कोडिंगचो क्लास लावूक व्हयो काय? मोबाईलार रोज जाहिरात येता."

मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो आणि गेली वीस-बावीस वर्षं संगणकाचा तासही माझ्याकडेच आहे. हा प्रश्न दर सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं. त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण 'शाळेत संगणक शिकवतात' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. संगणक वापरायला शिकणं ही एक: पत्र टाइप करणं, तक्ता बनवणं, अर्ज भरणं. संगणकाच्या पडद्यावरून भूगोल किंवा विज्ञान शिकणं ही दुसरी. तिथे संगणक म्हणजे बोलता फळा. आणि संगणकाला काम सांगायला शिकणं ही तिसरी. तिलाच प्रोग्रामिंग म्हणतात, जाहिरातीतलं कोडिंग तेच. गेल्या साठ वर्षांत जगभरच्या शाळा या तिन्हींमध्ये हेलकावे खात आल्या आहेत, आणि आमच्या कोकणातल्या शाळांना त्यातली तिसरी गोष्ट फार कमी वेळा मिळाली. हा लेख त्याबद्दल आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे काय, ते त्या खळ्यातच बघा. कामाला नवीन गडी आलाय, त्याने आयुष्यात आंब्याची पेटी भरलेली नाही. तुम्ही सांगता, "मोठं फळ चार डझनाच्या पेटीत, मधलं पाचाच्या, लहान सहाच्या." गडी माणूस आहे, दोन पेट्या बघून त्याला अंदाज येतो. आता त्याच्या जागी असा कुणी आणा, जो अंदाज करूच शकत नाही. तो विचारणार, मोठं म्हणजे केवढं? मग तुम्हाला वजन ठरवावं लागेल: फळ काट्यावर ठेव, अमुक ग्रॅमच्या वर असेल तर या पेटीत, नाहीतर पुढचं वजन तपास. डाग असेल तर? बाजूला काढ. पेटी भरली तर? नवीन घे, तळाला गवत घाल, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. ढीग संपला तर? थांब. हे शेवटचं सांगायला विसरलात, तर तो रिकाम्या जमिनीवर हात फिरवत बसेल. इतक्या बारकाईने लिहिलेल्या सूचना म्हणजेच प्रोग्राम. तो लिहिताना जे डोकं चालतं, त्याचा आणि इंग्रजी टायपिंगच्या स्पीडचा काहीही संबंध नाही.

पंगतीतला वाढपी

१९६० च्या सुमाराला संगणक म्हणजे एक अख्खी खोली असायची. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली कामाला लागला, तोही तसाच. त्या काळी संगणकाला काम द्यायची रीत अशी: कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा आत द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. एखादी खूण चुकली तर कार्ड बदलून पुन्हा रांगेत. शाळेतल्या पोराला अशा यंत्राजवळ कोण उभं करणार?

हा पेच अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात सुटला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे तिथले गणिताचे दोन प्राध्यापक. केमेनी तरुणपणी आइन्स्टाइन यांचे गणितातले सहायक होते. दोघांचा आग्रह असा, की संगणक फक्त शास्त्रज्ञांचा नाही. इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्या मुलांच्याही हाताखाली तो यायला हवा. त्यासाठी त्यांनी दोन कामं केली. एक म्हणजे 'टाइम-शेअरिंग', वेळेची वाटणी. आपल्या पंगतीत एकच वाढपी आमटी घेऊन फिरत असतो, पण त्याचा हात इतका चपळ असतो की आपल्यालाच वाढतोय असं प्रत्येक पानाला वाटतं. तसा एकच संगणक अनेक टंकयंत्रांना जोडायचा आणि प्रत्येकाला त्याने क्षणभर वेळ देत फिरायचं. दुसरं काम म्हणजे सोपी भाषा, बेसिक. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता त्या यंत्रावर बेसिकमधले प्रोग्राम पहिल्यांदा चालले. बेसिकमध्ये ओळींना क्रमांक असत. दहाव्या ओळीत लिहायचं 'प्रिंट २+२', विसाव्या ओळीत 'एंड', आणि चालवायचं. कागदावर ४ उमटतो. कसलीही पूर्वतयारी न लागता पहिल्या पाच मिनिटांत यंत्राने आपलं ऐकलं, हा अनुभव त्या भाषेने दिला.

पुढे डार्टमथच्या संगणकाला टेलिफोनच्या तारेने आसपासची काही हायस्कुलंही जोडली गेली. १९६८ मध्ये सिअ‍ॅटलच्या लेकसाइड शाळेत असंच एक टंकयंत्र आलं. ते आणलं मुलांच्या आयांच्या मंडळाने, जुन्या वस्तूंच्या विक्रीतून उभ्या केलेल्या पैशांतून. त्या यंत्रावर तेरा वर्षांचा बिल गेट्स बसला, आणि त्याच्याहून थोडा मोठा पॉल अ‍ॅलन. दोघांनी पुढे मायक्रोसॉफ्ट काढली हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात आयांचं मंडळ महत्त्वाचं वाटतं. सरकार जागं व्हायच्या आधी कुणीतरी आपल्या पोरांसाठी झोळी फिरवली. कोकणातल्या शाळांना ही गोष्ट नवी नाही, तिच्याकडे पुढे येतो.

वाळूवरचं कासव

या सगळ्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता माणूस सीमोर पेपर्ट. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गणितज्ञ, मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास त्याने जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर केला आणि मग तो अमेरिकेत एमआयटीत आला. १९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत त्याने मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिला एक कासव मिळालं. आधी जमिनीवर चालणारं, पोटाला पेन बांधलेलं खरंखुरं यंत्र, आणि नंतर पडद्यावर फिरणारा छोटा त्रिकोण.

वेळासला किंवा वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला ज्यांनी पहाटे कासव बघितलंय त्यांना लोगो समजावून सांगावी लागत नाही. ऑलिव्ह रिडलेची मादी अंडी घालून परत जाते तेव्हा वाळूवर तिची पूर्ण वाट उमटलेली असते. कुठून आली, कुठे वळली, कुठे थांबली, सगळं वाचता येतं. लोगोतलं कासवही असंच माग ठेवत जातं. त्याला फार थोडं कळतं. 'पुढे ५०' म्हटलं की पन्नास पावलं सरळ. 'उजवीकडे ९०' म्हटलं की जागच्या जागी नव्वद अंश वळायचं. हे दोन हुकूम चार वेळा दिले की चौरस. चार वेळा लिहायचा कंटाळा आला तर 'पुन्हा ४' म्हणायचं आणि कंसात एकदाच लिहायचं. वर्तुळ कसं काढायचं? त्याला वर्तुळ ठाऊक नाही, म्हणून तुम्हीच कासव व्हायचं आणि गोल चालून बघायचं. एक पाऊल पुढे, जरासं वळायचं, पुन्हा एक पाऊल, पुन्हा जरासं. 'पुढे १, उजवीकडे १', असं ३६० वेळा. एवढंच.

पेपर्टचं म्हणणं असं, की शाळांमध्ये संगणक मुलाला चालवतो: प्रश्न विचारतो, बरोबर म्हणतो, चूक म्हणतो. त्याला हे उलटं हवं होतं. मुलाने संगणक चालवावा. लोगोत एकदा चौरस कसा काढायचा ते सांगितलं की त्याला नाव देता येतं, आणि पुढच्या क्षणापासून 'चौरस' हा शब्द कासवाला येतो. चौरस आणि त्रिकोण शिकवला की त्यांतून घर. घर शिकवलं की वाडी. मूल कासवाला शिकवतं, आणि शिकवण्यासाठी आधी स्वतःला नीट समजावं लागतं. चुकलं तर पानावर तांबडी फुली पडत नाही, कासव भलतीकडे जातं. मग मूल वाट उलटी तपासत जातं आणि चूक कुठल्या वळणावर झाली ते शोधतं. आमच्या गणिताच्या तासाला याची किती गरज आहे, ते मला रोज दिसतं.

घुबड आणि बारा हजार यंत्रं

१९८० च्या आसपास छोटे संगणक स्वस्त झाले आणि सरकारं जागी झाली. सगळ्यात नेटकं काम ब्रिटनने केलं. बीबीसीने ठरवलं, की टीव्हीवर सामान्य माणसाला संगणक शिकवायचा आणि सोबत घरात-शाळेत ठेवता येईल असं यंत्रही द्यायचं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते बनवलं. १९८१ च्या अखेरीस बीबीसी मायक्रो बाजारात आला, पाठोपाठ जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. यंत्रावर ठिपक्यांचं घुबड होतं. स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोत असली शंभर यंत्रं सहज बुडतील. चालू केलं की थेट बेसिकची खूण पडद्यावर, जणू सांगा काय करू म्हणत. खेळ खेळायचा असला तरी मुलाला निदान एक तरी हुकूम टाइप करावा लागे. त्याचं बेसिक लिहिणारी सोफी विल्सन आणि यंत्राच्या रचनेत असलेला स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एआरएम नावाचा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, घडवला. आज आपल्या पोरांच्या खिशातले जवळपास सगळे मोबाइल त्याच कुळातल्या प्रोसेसरवर चालतात.

हेच घुबड भारतातही आलं. १९८४-८५ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि इलेक्ट्रॉनिक्स खात्यांनी मिळून 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला: शाळांमध्ये संगणक साक्षरता आणि संगणक अभ्यास. सुरुवात सुमारे २५० शाळांपासून झाली, आणि एकूण सुमारे १२,००० बीबीसी मायक्रो देशभर राज्य सरकारांमार्फत वाटले गेले. हेतू चांगला होता, घाई झाली. बरंचसं सॉफ्टवेअर इंग्लंडमधल्या मुलांसाठी लिहिलेलं. शिक्षकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, तेही ज्यांच्याकडे आधीच गणित-विज्ञानाचा पूर्ण भार होता अशांना. संगणकाचा तास वेळापत्रकात बसेना, परीक्षेत त्याला गुण नाहीत. पुढे १९९० च्या दशकात योजना नव्या रूपात आली, यंत्रं ४८६ प्रोसेसरची झाली. पण जी खोट पहिल्या वेळी राहिली ती नंतरच्या जवळजवळ प्रत्येक योजनेत पुन्हा दिसते: यंत्र आधी येतं, शिकवणारा नंतर येतो, आणि कधी येतच नाही.

आमच्या खोलीत

आमच्या हायस्कुलात पहिले दोन संगणक आले ते २००१ च्या गणपतीत, मुंबईकरांच्या मंडळाने दिलेले. गिरगाव, परळ, डोंबिवलीत राहणाऱ्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, एका ऑफिसातून वापरलेली यंत्रं घेतली आणि टेम्पोने पाठवली. कोकणातल्या किती शाळा अशा मंडळांनी उभ्या केल्या याची मोजदाद अवघड आहे. लेकसाइडच्या आयांची गोष्ट वाचली तेव्हा मला आमचं मंडळच आठवलं.

नारळ फोडून खोली सुरू झाली. चिऱ्याच्या भिंती, खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर हिरवं कार्पेट आणि दाराबाहेर चपलांची रांग. धुळीने यंत्र बिघडतं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून चपला बाहेर. किल्ली ऑफिसात. खंडेनवमीला दोन्ही मॉनिटरना हळदकुंकू लागायचं, आणि त्यात मला गैर वाटत नाही. हत्यारांची पूजा आपण करतोच. चुकलं ते वेगळंच. त्या आदराच्या भरात मुलांना यंत्राला हातच लावायला मिळाला नाही. साठ मुलांच्या वर्गात मी माऊस धरायचो आणि मुलं हाताची घडी घालून बघायची. 'संगणकाचे भाग सांगा' हा प्रश्न परीक्षेत यायचा, आणि मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माऊस हे चार शब्द मुलं वर्षभर घोकायची. ती चूक माझीही होती. मला त्याहून जास्त शिकवता येत नव्हतं, कारण मलाच कुणी शिकवलेलं नव्हतं.

कोकणात यंत्र जगवणं हीही एक विद्या आहे. जूनमध्ये खोली आठ दिवस बंद राहिली की हवेतली ओल आतल्या धातूवर बसते. बटण दाबलं की पडदा काळा आणि आतून लांब बीप. पहिल्यांदा तालुक्याहून माणूस बोलावला, चार दिवसांनी आला. त्याने झाकण काढलं, रॅमची, म्हणजे स्मरणशक्तीची, पट्टी बाहेर काढली, माझ्याकडे खोडरबर मागितलं आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर दोन मिनिटं घासलं. परत बसवली, यंत्र सुरू. तेव्हापासून माझ्या कपाटात खडूच्या डब्यात एक खोडरबर कायम असतं. आता ते काम आठवीतली मुलं करतात. झाकण उघडल्यावर त्यांना जे समजतं ते 'संगणकाचे भाग' या धड्यातून कधी समजलं नव्हतं.

त्या वर्षांत लोडशेडिंगही होतं. संगणकाचा तास दुपारी आला की वीज नाही, आणि वीज आली की तास संपलेला.

टायपिंगच्या वाटेने आलेला विषय

महाराष्ट्रात संगणकशिक्षणाला जो आकार आला तो समजायला एसटी स्टँडाजवळचे टायपिंगचे क्लास आठवले पाहिजेत. दहावी झाली की इंग्रजी तीस, मराठी तीस, मग चाळीस. टायपिंगचं सर्टिफिकेट म्हणजे मुंबईत कारकुनाची नोकरी, ही पक्की सोयरीक होती. संगणक आला तो याच दारातून. राज्यात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्यांचा एमएससीआयटी अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सरकारी नोकरीसाठी तो लागू झाल्यावर दहावीचा शेवटचा पेपर टाकला की थेट एमएससीआयटी, हा कोकणातल्या प्रत्येक घराचा नेम झाला. माझं त्या अभ्यासक्रमाबद्दल मत चांगलं आहे. ज्या मुलीने कधी संगणक पाहिला नव्हता तिला त्याने तीन महिन्यांत तक्ता आणि ईमेल शिकवलं, ते तालुक्याच्या गावी आणि मराठीतून. फक्त ती पहिली गोष्ट आहे, यंत्र वापरण्याची. आपण तिलाच संपूर्ण संगणकशिक्षण समजून बसलो.

मराठीची अडचण याहून खोल होती. सुरुवातीला मराठी फॉन्टचा प्रकार असा होता, की संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी 'डी'च टाइप केलेला असायचा. फॉन्ट फक्त त्यावर 'क'चा मुखवटा चढवायचा. आमच्या शाळेतली प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेतल्या संगणकावर उघडली, की मुखवटा गळून पडायचा आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. चाचणीच्या आदल्या रात्री मी अख्खी नववीची गणिताची पत्रिका अशी दुसऱ्यांदा टाइप केली आहे. युनिकोडने हा घोळ मिटवला. त्यात जगातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक असतो. 'क'चा क्रमांक २३२५, देवगडात आणि टोकियोतही. कीबोर्डवर ही अक्षरं कुठे असावीत याची इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्येच ठरवली होती: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ती बाराखडीच्या तर्काने चालते, म्हणून पाचवीतलं पोर आठवड्याभरात शिकतं. तरी प्रोग्रामिंगच्या भाषांचे हुकूम इंग्रजीच राहिले. आमच्या मुलांना 'फॉरवर्ड' हा शब्द अर्थाने येत नाही, चित्रासारखा येतो. इंग्रजी कच्चं म्हणून संगणक कच्चा, ही समजूत किती हुशार मुलांच्या मनात बसली असेल, याची मला आजही रुखरुख लागते.

डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी केंद्राची आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आली. तिच्यात बहुतेक ठिकाणी अशी रीत होती: बाहेरच्या संस्थेने करारावर लॅब उभारायची, काही वर्षं चालवायची, सोबत मानधनावर शिक्षक द्यायचा आणि मुदत संपली की यंत्रं शाळेच्या हवाली करायची. यंत्रं हवाली झाली, शिक्षक करारासोबत गेले. आमच्याकडे आलेली तरुण मुलगी फार छान शिकवायची. ती गेल्यावर दहा यंत्रं होती आणि तास पुन्हा माझ्याकडे.

अकरावी-बारावीची गोष्ट जरा निराळी. तिथे बायफोकलला, म्हणजे व्यवसायाभिमुख विषयांत, कॉम्प्युटर सायन्स आहे, दोनशे गुणांचं. त्यात सी प्लस प्लस आणि एचटीएमएल या संगणकाच्या भाषा आणि वर्षानुवर्षं ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर. १९७६ सालचा प्रोसेसर आज कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. मी त्याच्या बाजूचा आहे. तो इतका लहान आहे, की त्याच्या पोटात आकडा कुठून कुठे जातो हे कागदावर बोट ठेवून दाखवता येतं. आजच्या प्रोसेसरचं ते कुणालाच दाखवता येणार नाही. दुःख एवढंच, की तिथवर पोचणारी मुलं थोडी, आणि त्यातली बरीच फक्त गुण मिळतात म्हणून येणारी. आमचा कोकण विभाग २०१२ मध्ये वेगळा झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतो. त्या टक्केवारीत कासवाला वळण शिकवण्याचा एकही गुण नाही.

ब्रिटनने मागे वळून पाहिलं

आपण एमएससीआयटीच्या वाटेवर होतो तेव्हा ब्रिटनही तिथेच पोचला होता, हे अनेकांना माहीत नसतं. ज्या देशाने मुलांच्या हाती बेसिक दिलं, त्याच देशाच्या शाळा पुढे वीस वर्षांत वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकवायला लागल्या. मुलं कंटाळली, विद्यापीठात संगणकशास्त्राला येणारे कमी झाले. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या नामवंत विज्ञानसंस्थेने अहवाल दिला आणि स्पष्ट सांगितलं, की हे शिक्षण समाधानकारक नाही. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांत जुना आयसीटी विषय जाऊन कम्प्युटिंग आलं, तेही पाच वर्षांच्या मुलांपासून. त्याच सुमारास तिथे रास्पबेरी पाय नावाचा छोटा, स्वस्त संगणक निघाला, २०१६ मध्ये मायक्रोबिट नावाची, प्रोग्राम लिहून चालवायची छोटी पाटी अकरा-बारा वर्षांच्या लाखो मुलांना फुकट दिली गेली. आणि तिथेही अडलं ते शिक्षकांपाशीच. नवा विषय रातोरात आला, शिकवणारे रातोरात तयार होईनात.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला. शेजारच्या गोव्याने त्यानंतर शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना सुरू केली. कोकण किनाऱ्यावर या बाबतीत तेच पुढे आहेत, आणि आपण जाऊन बघून यावं असं मला वाटतं. इकडे २०२० चं वर्ष आम्हाला वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. शाळा बंद, ३ जूनला निसर्ग वादळ, रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तरेकडच्या शाळांची कौलं आणि पत्रे उडाले. रेंजसाठी मुलं सड्यावर चढून बसायची. त्या वर्षी आपण मोबाइललाच शाळा मानलं, म्हणजे वर सांगितलेली दुसरी गोष्ट. मुलं पडद्यासमोर पुष्कळ बसली. पडद्याला काही सांगायला मात्र शिकली नाहीत. आता तर प्रश्न टाकला की निबंध लिहून देणारी यंत्रं त्याच मोबाइलवर आली आहेत, आणि कोण कोणाला चालवतं हा पेपर्टचा प्रश्न आमच्या नववीच्या वर्गात येऊन बसला आहे.

त्या बागायतदारांना मी सांगितलं, की क्लासचे पैसे सध्या राहू द्या. झिलाला एक कागद द्या आणि म्हणा, पेटी कशी भरायची ते असं लिही, की तुला न ओळखणारा, आंबा न पाहिलेला माणूस नुसतं वाचून भरू शकेल. मग तो कागद घेऊन तुम्ही अगदी लिहिलंय तेवढंच करा, डोकं चालवू नका. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पहिल्या कागदात गवत घालायचं राहिलं होतं, दुसऱ्यात पेटी भरली तरी फळं टाकणं थांबत नव्हतं. तिसऱ्याला जमलं.

संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याची ही पद्धत माझी नव्हे. न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्याच्या सोबत्यांनी १९९० च्या दशकात असे खेळ रचले, आणि आपल्याकडे २०१६ पासून एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेची सीएसपाठशाला हेच काम शाळांसाठी करते. या जूनमध्ये वीज गेली होती, पाऊस कोसळत होता, म्हणून नववीला घेऊन मी व्हरांड्यात गेलो. खडूने एक ठिपका काढला. एका मुलीला कासव केलं, तिच्या हातात खडू दिला आणि वर्गाला सांगितलं, समभुज त्रिकोण काढून घ्या. सगळे एका सुरात ओरडले, "पुढे तीन पावलं, उजवीकडे साठ!" त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे सातवीपासून पाठ. तीन वेळा झालं आणि त्रिकोण बंद झालाच नाही. खापरीसारखी उघडी आकृती. काही जण हसले. ती मुलगी थांबली नाही, म्हणाली, तसंच पुढे सांगा. आणखी तीन वेळा झालं आणि ती बरोबर पहिल्या ठिपक्यावर येऊन उभी राहिली. खाली षट्कोन.

मग पाच मिनिटं कुणी बोललं नाही. ती स्वतःच जागेवर दोनदा फिरून बघत होती. कासव साठात वळत नाही, ते ज्या दिशेला तोंड करून उभं आहे तिथून वळतं. आतला कोन साठ हवा तर बाहेरून एकशे वीस वळायला हवं. तीन वेळा एकशे वीस, चार वेळा नव्वद, सहा वेळा साठ. मागच्या रांगेतल्या एकाने बोटांवर गुणाकार केला आणि पन्हळीच्या आवाजावरून ओरडला, "सर, सगळ्यांचे तीनशेसाठच होतत! म्हंजे पंचकोनाक बहात्तर?"

तिने खडू उचलला आणि पुन्हा ठिपक्यावर जाऊन उभी राहिली.